तुटायचं कुठे

नायट्रोवर चालणाऱ्या रिमोट कंट्रोल मॉन्स्टर ट्रकमध्ये सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे असतं. आवाज त्याचा, धूर त्याचा, आणि कार्ब्युरेटरची सुई जरा इकडेतिकडे झाली की बंद पडणारंही तेच. पण खेळ अर्ध्यावर सोडून गाडी हातात धरून घरी आणायची पाळी येते ती बहुतेक वेळा शाफ्टमुळे. इंजिन खणखणीत चालू असतं. थ्रॉटल दिला की आवाज चढतो, पण गाडी पुढच्या चाकांवर लंगडत निघते. मागचं एक चाक नुसतं फरफटत येतं आणि तुटलेल्या शाफ्टचं टोक फिरता फिरता सस्पेन्शनच्या आर्मवर टकटक आपटत राहतं. ही टकटक आता मला इंजिनाच्या गोंगाटातूनही ऐकू येते.

गेली काही वर्षं मी या शाफ्टांच्या मागे आहे. प्लॅस्टिकचे काढून पोलादी बसवले. त्यातले काही तुटले, काही टिकले, आणि जे टिकले त्यांच्यामुळे दुसरंच काहीतरी तुटलं. हे सगळं मला फार मोलाचं वाटतं, कारण जोर कुठून येतो, कुठे अडतो आणि कुठे फुटतो, हे कॉलेजात गणितं सोडवून जेवढं समजलं नव्हतं तेवढं या पाच किलोच्या गाडीने समजावलं.

मी राहतो अमेरिकेत टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत. या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. जमीन काळी, चिकण, आणि पूर्वी इथे कापूस पिकायचा. आपल्या सोलापूरकडची काळी आणि इथली काळी, मृदाशास्त्रात दोन्ही व्हर्टिसोल या एकाच गटात येतात. पावसात फुगायचं आणि उन्हात आकसून भेगा द्यायच्या, हा दोघींचा स्वभाव. ऑगस्टमध्ये आमच्या घरामागच्या मोकळ्या रानातलं ढेकूळ बुटाच्या टाचेनेही फुटत नाही. ऑक्टोबरच्या पावसानंतर तीच माती चाकाला चिकटून चाकाचं वजन वाढवते. वाळूत किंवा गवतावर गाडी चालवणाऱ्यांचे शाफ्ट जास्त टिकतात, याचं मला नवल वाटत नाही. वाळूत चाक घसरतं आणि जोर वाया जातो. आमच्याकडे चाक घसरत नाही, धरून ठेवलं जातं.

गाडी चारही चाकांना जोर असलेली, दोन गिअरची, रिव्हर्सवाली. इंजिन टू-स्ट्रोक, ३.३ सीसी. इंधन म्हणजे मेथनॉल, त्यात नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, मेथनॉलला साधारण ६.४ भाग, आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. सिलिंडरमध्ये मावेल तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं, म्हणून एवढंसं इंजिन एवढा जोर देतं. फेरे म्हणाल तर ते मिनिटाला ३०,०००च्या पुढे जातं. माझं चाक साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचं. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते मिनिटाला २,१०० फेरे घेतं. म्हणजे इंजिनापासून चाकापर्यंत येता येता फेरे चौदापट कमी झाले, आणि थोडं घर्षणात गेलं ते सोडलं तर पीळ जवळपास तेवढ्याच पटीने वाढला. हा वाढलेला पीळ ज्याच्या अंगावर येतो तो शेवटचा भाग म्हणजे चाकाचा शाफ्ट.

गाडीबरोबर आलेले शाफ्ट नायलॉनचे होते. एक नळी दुसरीत सरकणारी, त्यामुळे सस्पेन्शन वरखाली झालं की लांबी आपोआप कमीजास्त व्हायची. दोन्ही टोकांना काटा आणि त्यात क्रॉस. मालट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टला असतो तोच, नखाएवढा. प्लॅस्टिक दिसलं की लोक नाक मुरडतात, पण मी या शाफ्टांची बाजू घेईन. ते हलके आहेत, स्वस्त आहेत, गंजत नाहीत, आणि धक्का बसला की थोडे पिळून तो पचवतात. जो मुलगा नुकताच गाडी शिकतो आहे त्याच्या गाडीत हेच असावेत.

नायलॉनची एक गंमत इथल्या जुन्या हौशी लोकांनी मला शिकवली. हा पदार्थ हवेतला ओलावा शोषतो. ओलावा असला की चिवट राहतो, पार सुकला की ठिसूळ होतो. म्हणून ही मंडळी नवे सुटे भाग पाण्यात उकळून, तसेच पाण्यात निवू देऊन मगच गाडीला लावतात. मीही एक जुनं पातेलं याच कामाला ठेवलं आहे. उकळलेल्या आणि न उकळलेल्या शाफ्टमधला फरक हिवाळ्यात दिसतो. उत्तरेकडून गार वारा सुटला की इथे दुपारी अंगात शर्ट आणि संध्याकाळी जाड जाकीट अशी पाळी येते. त्या थंडीत कोरडं नायलॉन आधी सूचना न देता तुटतं. एरवी ते सूचना देतं. काट्याच्या बुडाशी पांढुरकी रेघ उमटते. ती दिसली की शाफ्ट बदलायचा, कारण काटा आता फाकायला लागलेला असतो आणि पुढच्या उडीला क्रॉस निसटणार असतो.

शाफ्ट तुटतात ते बहुधा उडी मारताना नव्हे, उतरताना. गाडी हवेत गेली की चाकांना अडवणारं काही उरत नाही. बोट थ्रॉटलवर राहिलं तर चाकं भन्नाट वेग घेतात, टायर फुगून मोठे होतात. मग गाडी जमिनीवर येते, जमीन चाकाला एका क्षणात थांबवू पाहते, आणि इंजिन, फ्लायव्हील, क्लच, गिअर हे सगळं फिरतं वजन थांबायला तयार नसतं. दोघांच्या मधे शाफ्ट. माझी मुलगी हे माझ्यापेक्षा लवकर शिकली. उतरण्याच्या जरा आधी ती बोट सोडते. हवेत गाडीचं नाक खाली जात असलं तर ती थ्रॉटल थोडा टोचते, की चाकांच्या फिरण्याच्या प्रतिक्रियेने नाक वर येतं. नाक वर जात असलं तर ब्रेक दाबून खाली आणते. हे करून पुन्हा जमिनीला लागण्याआधी चाकांचा वेग गाडीच्या वेगाशी जुळवायचा असतो. तिच्या हातात गाडी असली की शाफ्ट दुप्पट टिकतात, हे मी कुणाहीपुढे सांगेन.

तरी ते तुटायचे. तेव्हा मी कोल्हापूरला मामांना फोन केला. मामांचा सगळा जन्म उद्यमनगरात लेथवर गेला. ऑइल इंजिनांचे भाग, पंपांचे शाफ्ट, साखर कारखान्यांच्या पिना, काय काय त्यांच्या हाताखालून गेलं. आता मुलगा कारखाना बघतो, पण मामा सकाळी जाऊन बसतातच.

"तुकडा धू, उजेडात धर आन तुटल्याल्या तोंडाचा फोटू पाठीव," ते म्हणाले.

"मामा, प्लॅस्टिकचा आहे."

"असू दे की. तोंड दिसलं पायजे."

फोटो पाहून त्यांनी सांगितलं की हा एका दणक्यात तुटलेला नाही, आधी पिळवटून मग तुटलाय. नळीवरच्या सरळ खाचा वाकड्या झालेल्या त्यांनी लगेच हेरल्या. मग म्हणाले, "पोरीला खडू आणून दे. दोन्ही हातानं पिळून मोडायला सांग. कसा तुटतोय बग." इथे मुलांचे फुटपाथवर चित्रं काढायचे जाडे खडू असतात. मुलीने पिळून मोडला. तो आडवा तुटला नाही. तिरकी, गोल चढत जाणारी रेघ घेऊन तुटला. कडक आणि ठिसूळ वस्तू पिळली की अशीच, साधारण ४५ अंशांत तुटते. मऊ, चिवट धातू पिळला तर तो पुष्कळ फिरून शेवटी आडवा, सपाट तुटतो. हे मी पुस्तकात आकृतीसकट वाचलं होतं. पण तुटलेला तुकडा हातात घेऊन त्याच्या तोंडावरून कारण वाचायचं, ही सवय मामांनी लावली. तेव्हापासून आम्ही एकही तुकडा टाकलेला नाही. मुलीने सगळे एका डब्यात, तारखेच्या चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत.

पहिला पोलादी जोड मी स्वस्तातला घेतला. दिसायला देखणा, काळा ऑक्साइड चढवलेला. रचना वेगळी. चाकाकडे बॉल आणि आरपार पिन, डिफरन्शियलकडे, म्हणजे डिफकडे, गोळा आणि त्याला आडवी पिन, ती डिफच्या कपातल्या खाचेत मागेपुढे सरकते. सरकणारी नळी गेली, तिचं काम खाच करते. थोडे दिवस छान गेले. मग डावा मागचा शाफ्ट पिनेच्या भोकातून गेला. तोंड बघितलं तर तिरकं, खडूसारखं स्वच्छ. कुठेही पिळल्याची खूण नाही. उरलेल्या शाफ्टांवर मी कानस फिरवून पाहिली. दोनांवर कानस नुसती सरकली, धातू उतरलाच नाही. तिसऱ्यावर मात्र ती चांगली लागली, चुरा पडला. एकाच खोक्यातले शाफ्ट आणि कडकपणा असा कमीजास्त.

मामांना व्हिडिओवर दाखवलं. म्हणाले, "भट्टी नीट लागली न्हाई. वरचं कातडं कडक आन आतला गाभा चिवट, असं पायजे. हे एक आतपातूर कडक केलंय, आन हे एक तसंच सोडलंय. त्यात भोक पाडलंय बारीक शाफ्टला. भोकाच्या कडंला सगळा जोर येतोय. तुटंल न्हाई तर काय हुईल?"

"मग कुठलं पोलाद हवं?"

"ईएन छत्तीस घे, केस हार्डन कर. न्हाईतर ईएन चोवीस, पर मग उष्णता नीट द्यायची."

ईएन २४ म्हणजे इथलं ४३४०. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असलेलं पोलाद. चांगल्या शाफ्टांचे विक्रेते पोलादाचा दर्जा आणि उष्णता-प्रक्रिया पाकिटावर लिहितात. तेव्हापासून मी पाकिटाचा तेवढाच मजकूर वाचतो. "रेसिंग", "प्रो" वगैरे शब्दांकडे बघत नाही. दुसरी गोष्ट जाडी. गोल शाफ्टची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. व्यास सव्वापट केला तर ताकद जवळपास दुप्पट. म्हणून शाफ्ट निवडताना मी व्हर्नियर घेऊन बसतो. अर्धा मिलिमीटरही पुष्कळ असतो. वजनाची काळजी लोक उगीच करतात. पोलाद नायलॉनच्या जवळजवळ सातपट जड हे खरं, पण शाफ्ट आपल्याच अक्षाभोवती, अगदी छोट्या त्रिज्येत फिरतो. त्याला फिरवायला लागणारा जोर त्या फुगलेल्या टायरपुढे काहीच नाही.

अशा शाफ्टांना इथे सगळे सीव्हीडी म्हणतात. नाव मुळात कॅलिफोर्नियातल्या कोव्हिना गावच्या एमआयपी या कंपनीचं आहे, पण आता कुणीही बनवलेल्या तशा शाफ्टला ते चिकटलं आहे. नावात एकसारख्या वेगाचं आश्वासन आहे. सांध्याच्या आत मात्र क्रॉसचीच भूमिती आहे, आणि क्रॉसचा स्वभाव असा की सांधा वाकलेला असताना एका बाजूला वेग कायम ठेवला तरी दुसऱ्या बाजूला तो दर फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. सोळाव्या शतकातल्या कार्दानोचं आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुकचं नाव ज्याला चिकटलं तोच हा सांधा. ३० अंशांचा कोन असेल तर वेग ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत हेलकावे खातो. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला ३५ फेरे घेतं, म्हणजे असे सत्तर हिसके दर सेकंदाला. दुसऱ्या टोकाचा सांधा पहिल्याची चढउतार भरून काढतो, पण त्यासाठी दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे किंवा पिना एकाच पातळीत हव्यात, आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. पहिली अट आपल्या हातात आहे. सरकत्या नायलॉनच्या शाफ्टमध्ये दोन नळ्या एकमेकींत घालताना तेवढं बघावं लागतं. दुसरी अट पुढच्या चाकांत पुरी होतच नाही, कारण स्टिअरिंग वळलं की फक्त चाकाकडचा कोन वाढतो. पूर्ण वळवून थ्रॉटल दिला की पुढून जो खडखडाट ऐकू येतो तो हाच. तेव्हा शाफ्ट बदलून उपयोग नाही, स्टिअरिंगची शेवटची मर्यादा थोडी कमी करायची.

चांगले शाफ्ट आल्यावर बसवायला एक पूर्ण दुपार दिली. हे काम घाईचं नाही. आधी शॉकच्या स्प्रिंगा काढल्या, म्हणजे सस्पेन्शन हाताने वरखाली करता येतं. चाक पार वर नेलं आणि शाफ्टला अक्षाच्या दिशेने हलवून पाहिलं. तिथे थोडी मोकळीक हवीच. शाफ्टचा गोळा कपाच्या बुडाला टेकत असेल तर प्रत्येक उडीला डिफच्या बेअरिंगवर हातोडा बसणार. मग चाक पार खाली सोडलं. आता उलट भीती, पिन खाचेच्या तोंडाशी येऊन निसटते की काय. मागच्या बाजूला ती फारच काठाशी येत होती, म्हणून शॉकच्या आत छोटी वॉशर घालून चाकाचं खाली लोंबणं कमी केलं. त्याने गाडीचा तोलही सुधारला, पण मी ते शाफ्टसाठी केलं होतं.

पिन अडकवणारा ग्रब स्क्रू बारीक असतो आणि इंजिनाची थरथर त्याला सैल करायला टपलेली असते. शाफ्ट कारखान्यातून तेल लावून येतो. ते अल्कोहोलने पुसून, स्क्रूचं भोकही पुसून मग निळं लॉकटाइट लावलं आणि रात्रभर सुकू दिलं. तेलकट आट्यांवर लॉकटाइट धरत नाही. सांध्यात मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस, तेही अगदी थोडं. बाहेर आलेलं ग्रीस काळ्या मातीची धूळ पकडतं आणि त्या मिश्रणाने पिन घासली जाते. सांध्यावर मी हीट-श्रिंक नळी चढवतो. धूळही अडते, आणि स्क्रू सुटलाच तर पिन बाहेर पडत नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना ही दगदग कमी असते. नायट्रोच्या धुरातून न जळलेलं तेल सगळ्या गाडीवर बसतं आणि त्यावर माती. शिवाय मेथनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पोलादी भाग तसेच ठेवले तर आठवड्यात तांबूस होतात. दर रविवारी गाडी पुसून, हवा मारून, शाफ्टांना पातळ तेलाचा हात फिरवल्याशिवाय आम्ही ती फळीवर ठेवत नाही.

आणि मग गाडी धावली. पहिल्याच पळाला फरक कळला. थ्रॉटल आणि चाक यांच्यात जी किंचित ढील वाटायची ती गेली. बोट हललं की गाडी हलते. मुलीच्या चेहऱ्यावर मला ते आधी दिसलं. नायलॉनच्या नळ्या दर वेळी थोड्या पिळल्या जात होत्या, तो वेळ आता लागत नव्हता.

शाफ्ट तुटायचे थांबले. मग मागच्या डिफचा मोठा गिअर गेला. दोन दात साफ उडालेले.

मॉन्स्टर ट्रकचा मूळ इतिहासच हा आहे. सेंट लुईसजवळ बॉब चँडलर नावाच्या माणसाचं फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचं दुकान होतं. त्याच्याकडे १९७४ची फोर्ड एफ-२५० होती. तो ती इतकी दामटायचा की ॲक्सल आणि इतर भाग सतत तुटायचे. दुकानातला सहकारी म्हणाला, तुझा पाय फार मोठा आहे, म्हणून तुटतं. गाडीचं नाव बिगफूट पडलं ते त्यावरून. ॲक्सल तुटले म्हणून त्याने मोठे लावले. टायर मोठे केले म्हणून ॲक्सल पुन्हा अपुरे पडले. शेवटी लष्करी ट्रकचे ॲक्सल आले. १९८१मध्ये त्याने एका शेतात जुन्या मोटारींवरून ती गाडी नेली आणि पुढचा सगळा खेळ तिथून वाढला. आजच्या मोठ्या मॉन्स्टर ट्रकला ६६ इंची टायर असतात, आणि चाकाच्या हबमध्ये प्लॅनेटरी गिअर असतात. फेरे कमी करून पीळ वाढवण्याचं शेवटचं काम चाकापाशीच होतं, त्यामुळे आतल्या शाफ्टवर एवढा पीळ येतच नाही. मला ही युक्ती फार आवडते. शाफ्ट जाड करत बसण्यापेक्षा त्याच्यावरचा भारच कमी केला. आमच्या आकाराच्या गाडीत हबमध्ये तेवढी जागा नाही, म्हणून आपल्याला दुसरा मार्ग शोधावा लागतो.

तो मार्ग म्हणजे तुटायची जागा आपण ठरवायची. धक्का तर येणारच. नायलॉनचे शाफ्ट असताना तो शाफ्टवर संपत होता, आणि शाफ्ट बदलायला काही मिनिटं पुरत. आता तो पुढे जाऊन डिफमध्ये संपला, आणि डिफ बदलायचं म्हणजे गाडीचा मागचा अर्धा भाग उघडायचा, आतलं घट्ट सिलिकॉन तेल काढायचं, गिअरांमधली फट पातळ शिम घालून पुन्हा जुळवायची. म्हणून मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, स्लिपर नीट लावला. स्पर गिअरवर स्प्रिंगने दाबलेल्या या चकत्या असतात. ठरावीक पिळापुढे त्या घसरतात आणि धक्का गिळतात. बरेच जण नट पार आवळून टाकतात, कारण त्याने गाडी सुटताना जोरात सुटते. पोलादी शाफ्ट असलेल्या गाडीत असं करणं म्हणजे डिफला बळी देणं. मी नट एवढाच ठेवतो की कडक मातीवर थांबलेल्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की पहिल्या दोन-तीन फुटांत स्लिपर घसरावा आणि मग धरावा. नायट्रोच्या आवाजात ते ऐकू येत नाही. गाडीचं पुढचं टोक किती उचललं जातं त्यावरून ओळखावं लागतं. एकदम आकाशाकडे गेलं तर नट घट्ट आहे.

दुसरी, गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारे दोन मधले शाफ्ट नायलॉनचेच ठेवले. यावर आमच्या रविवारच्या मंडळींत बरेच मतभेद आहेत. रिव्हर्समध्ये टाकायची घाई असणारे लोक मधलेही पोलादी करा म्हणतात. मला ते पटत नाही. डिफमध्ये फेरे कमी होतात, त्यामुळे डिफच्या आधी पीळ चाकापेक्षा कमी असतो आणि साधा नायलॉनचा शाफ्टही रोजच्या चालण्याला पुरतो. वेडावाकडा धक्का आला तर तोच तुटावा. तो वर, समोर, हाताशी आहे. त्याची किंमत डिफच्या गिअरच्या तुलनेत नगण्य. मैदानात उभ्या उभ्या बदलता येतो. आमच्या पेटीत असे उकळलेले जास्तीचे शाफ्ट कायम असतात. मुलीचं म्हणणं, पुढचा मधला शाफ्ट तरी पोलादी करू या, कारण तो उड्यांना जास्त वेळा जातो. मी तिला डब्यातले तुकडे काढून दाखवायला सांगितलं. तिने काढले, आणि खरंच त्यात पुढचे जास्त निघाले. म्हणून पुढच्या शॉकमध्ये थोडं घट्ट तेल घालून बघतो आहोत. शाफ्टचा निर्णय त्यानंतर.

पोलादी शाफ्टांत आता झिजते ती पिन. काही महिन्यांनी काढून पाहिली की कपाच्या खाचेत जो भाग सरकतो तिथे अर्धचंद्र पडलेला असतो. बोटाच्या नखाला तो कळायला लागला की पिन बदलावी. मामांनी त्यावरही विचार केला होता. म्हणाले, "कपापेक्षा पिन जराशी नरम ठेव. पिन घासली तर पिन टाकायची. कप घासला तर डिफ उघडावा लागंल." त्यांनी उद्यमनगरात सिल्व्हर स्टीलच्या पिना स्वतः कापून, कडा मारून, हव्या त्या कडकपणाला आणून दिल्या. बहीण उन्हाळ्यात इकडे आली तेव्हा गोडा मसाला आणि चटणीच्या डब्यांबरोबर छोट्या पाकिटात त्या आल्या.

त्या मी फक्त मागच्या दोन शाफ्टांत घातल्या आहेत. पुढे शाफ्टांबरोबर आलेल्या मूळच्या पिना मुद्दाम तशाच ठेवल्या. मामांना आकडे हवे आहेत. मुलीने वहीत दोन रकाने आखले आहेत, आणि दर वेळी शाफ्ट उघडले की मायक्रोमीटरने दोन्ही पिनांचा व्यास मोजून ती त्यांना पाठवते.